कोल्हापूरच्या पश्चिमेकडचे जंगली डोंगर पायी फिरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पन्हाळा, मसाई पठार, आंबा, गगनबावडा, दाजीपूर, रांगणा या पट्ट्यात पायी फिरायला निघणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. सुळके, दोर, कातळारोहण हा विषय इथं नाही. झाडीतली वाट, सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं उघडं कातळपठार, ओढा आणि धनगरवाडा एवढाच आपला प्रांत.

डोंगर तर बुटके आहेत. एवढी तयारी कशाला?

कोल्हापूर शहरच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि पन्हाळा साडेनऊशेच्या आसपास. म्हणजे खरी चढाई चारशे मीटरची. दम लागतो, पण चढावर सहसा कुणाला काही होत नाही.

इथं माणूस अडतो तो झाडीमुळं. उघड्या डोंगरावर शिखर दिसतं आणि गावही दिसतं, त्यामुळं दिशा कळते. दाजीपूर किंवा रांगण्याच्या रानात वीस पावलांपलीकडचं दिसत नाही. वर सड्यावर आलात की उलट होतं. तिथं सगळं मोकळं असतं, कातळावर वाट उमटत नाही आणि धुकं उतरलं की चारी बाजू सारख्याच दिसतात. इथल्या बहुतेक अडचणी वाट चुकण्यातून आणि अंधार पडण्यातून निर्माण होतात. म्हणून पुढं त्या दोन गोष्टींवर जास्त लिहिलं आहे.

पहिल्यांदा जायचं तर कुठं जावं?

कुशिरे-गायमुखाच्या वाटेनं जोतिबा. वाट रुळलेली आहे, वर मंदिर आणि वस्ती आहे, परतायला गाडी मिळते. उतरताना पोहाळ्याची लेणी बघता येतात. दुसरा पर्याय बुधवार पेठेतून पन्हाळा. हे दोन्ही जमले की पन्हाळ्यावरून मसाई पठार एका दिवसात करा. पठार सलग एक नाही. लहानमोठ्या सड्यांची ती साखळी आहे, मध्ये उतार आणि खळगे आहेत. पहिल्या सड्यावरच्या मसाई देवीच्या देवळापर्यंत जाऊन परत फिरलात तरी दिवस सार्थकी लागतो.

रांगणा आणि दाजीपूरचं आतलं रान नंतर. पाटगावहून पुढं भटवाडी आणि तिथून चिक्केवाडीपर्यंतचा कच्चा रस्ता जंगलातून जातो. पायी त्याला अडीच-तीन तास धरा. चिक्केवाडीतून गडाची वाट दाट झाडीत शिरते. पहिल्या खेपेला तिथं गावातला माणूस सोबत घ्याच.

कोणता महिना चांगला?

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. ओढ्यांना पाणी असतं, वाटा वाळलेल्या असतात, जळवा गेलेल्या असतात.

सप्टेंबरच्या शेवटी सडे फुलतात. सीतेची आसवं, दवबिंदू असली कीटक खाणारी चिमुकली झाडं जांभ्या कातळावरच्या दोन बोटं मातीत उगवतात. तिथं कातळावर पाय ठेवत चाला, कारण तुडवलेली ती माती पुन्हा साठायला फार वेळ लागतो.

मार्चपासून गवत वाळतं, वणवे लागतात आणि झरे आटतात. एप्रिल-मे मध्ये निघालात तर दुपारी दोनच्या आत सड्यावरून खाली या. वळीव साधारण त्यानंतर येतो आणि उघड्या सड्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. तीसच्या आत आवाज आला तर खाली झाडीत उतरा, पण एकट्या उंच झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथंच काढा.

पावसाळ्याबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कोल्हापुरात साधारण एक हजार. अंतर पंचावन्न किलोमीटरचं. त्यामुळं कोल्हापुरात रंकाळा तलावावर ऊन बघून निघू नका. हवामान खात्याचा घाटमाथ्यासाठीचा इशारा वेगळा असतो, तो वाचा. नारंगी किंवा लाल असेल तर बेत पुढं ढकला.

पन्हाळा ते पावनखिंड एका दिवसात होतं का?

सरावलेले करतात. आमचा सल्ला दोन दिवसांचा. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे आणि निम्मी वाट चिखलाची.

12 जुलै 1660 च्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून याच बाजूनं निसटले आणि घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू देशपांड्यांनी पाठलाग अडवला. म्हणून लोक ही वाट भर जुलैत चालतात. वाट पन्हाळ्याच्या राजदिंडी या चोरवाटेनं उतरते, तुरुकवाडी-म्हाळुंगेवरून मसाई पठारावर चढते, पलीकडं कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी करत करपेवाडीला येते. पहिला मुक्काम इथं किंवा पुढं आंबेवाडीत. दुसऱ्या दिवशी रिंगेवाडी, माळेवाडी, पाटेवाडी, म्हसवडे, पांढरपाणी आणि मग खिंड. दुसऱ्या दिवशीचं अंतर कमी असलं तरी झाडी जास्त आहे. भातखाचरांच्या बांधावरून जाताना एकामागं एक चाला. बांध ढासळला तर शेतकऱ्याच्या खाचरातलं पाणी निघून जातं.

कातडी सोलवटणं ही या वाटेची मुख्य तक्रार. ओल्या जीन्सनं मांड्या घासतात आणि दुसऱ्या दिवशी माणूस पाय फाकून चालतो. लवकर वाळणारी पातळ पॅन्ट घाला, सकाळी मांड्यांना आणि पायाच्या बोटांमध्ये व्हॅसलीन लावा, आणि रात्रीसाठी कोरड्या मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवा. तो जोड दिवसा कितीही मोह झाला तरी काढू नका.

वाट चुकते ती नेमकी कशामुळं?

ढोरवाटेमुळं. गुरं आणि गवे ज्या वाटांनी जातात त्या माणसांच्या वाटेपेक्षा रुंद आणि ठसठशीत असतात. पाय आपोआप तिकडं वळतो. ती वाट एखाद्या कुरणात जाते आणि तिथं दहा फाटे फुटून संपते, नाहीतर पाणवठ्याच्या घळीत उतरते.

फरक ओळखायला खाली बघू नका, वर बघा. माणसाच्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंत फांद्या नसतात. डोक्यावरून मोळी नेणाऱ्या माणसानं कोयत्यानं त्या छाटलेल्या असतात. छाट तिरकी, एका घावातली दिसते. ढोरवाटेवर जमीन साफ असते, पण छातीच्या उंचीवर फांद्या आडव्या येतात. सलग दहा-पंधरा पावलं वाकून चालावं लागलं, तर ती वाट तुमची नव्हे.

सड्यावर खूण वेगळी. कातळावर काळपट-करडं शेवाळ आणि दगडफुलाचा थर असतो. जिथून रोज पावलं जातात तिथं तो झिजून जांभ्याचा तांबूस रंग उघडा पडतो, वीतभर रुंदीचा पट्टा. उभ्यानं तो दिसत नाही. खाली बसून, सूर्य समोर ठेवून तिरकं बघितलं की दिसतो.

चुकलीच तर काय करायचं?

थांबा. पाणी प्या. शेवटची खात्रीची खूण कोणती होती ते सगळ्यांनी मिळून आठवा आणि आलेल्या वाटेनं तिथपर्यंत मागं जा. "खाली उतरत गेलं की गाव येतंच" या भरवशावर ओढ्यानं उतरू नका. घाटमाथ्यावरचे पश्चिमेकडचे ओढे कोकणकड्यावर जाऊन तुटतात. आधी दहा फुटांची पायरी, मग पंचवीस फुटांची, आणि मग ना खाली जाता येतं ना वर.

सड्यावर धुकं आलं तर बसून राहा. बऱ्याचदा पंधरा-वीस मिनिटांत पडदा हलतो आणि तेवढ्यात दिशा पकडता येते. वारा अचानक खालून वर तोंडावर येऊ लागला तर कडा जवळ आहे असं समजा. कड्याच्या तोंडाशी गवत बाहेर झुकलेलं असतं, त्याच्याखाली जमीन असेलच असं नाही.

वेळेचा हिशोब कसा करायचा?

पुस्तकी हिशोब ताशी पाच किलोमीटर आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास जादा असा आहे. तो मोकळ्या, चांगल्या वाटेचा. इथं सड्यावर ताशी चार, झाडीत अडीच धरा, आणि चढ तासाला तीनशे मीटर. पावसात त्यातूनही कमी.

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण दाट रानात पाऊण तास आधीच अंधारतं. म्हणजे पाचला गावात पोचायचं. सकाळी सातला निघालात तर हाताशी दहा तास. त्यातले दोन अडचणीसाठी बाजूला काढा, एक जेवण-विसाव्याचा. उरले सात. त्याच वाटेनं परतायचं असेल तर अकरा-साडेअकराला, जिथं असाल तिथून माघारी फिरा. गड अर्ध्या तासावर दिसत असला तरी. ही वेळ निघायच्या आधी सगळ्यांसमोर ठरवा, कारण वर गेल्यावर "एवढं आलोय तर" हे वाक्य कुणीतरी बोलतंच.

दिवसाच्या फिरण्यालाही प्रत्येकाकडं स्वतःची विजेरी असावी. मोबाइलची चालणार नाही, मोबाइल फोनसाठी राखून ठेवा.

एसटीनं जाता येतं का?

येतं, आणि बऱ्याच ठिकाणी तेच बरं, कारण एका बाजूनं चढून दुसरीकडं उतरता येतं. मध्यवर्ती बसस्थानकात जाण्याची वेळ विचारताना परतीची शेवटची गाडी कितीची हेही विचारा. गावात उतरल्यावर तेच पुन्हा कंडक्टरला विचारा. आडगावात रात्री मुक्कामी गाडी येते आणि सकाळी लवकर निघते. शेवटची चुकली तर तिचा आधार असतो.

बूट कुठले?

महाग नकोत, खाचा खोल हव्यात. जांभ्यावर शेवाळ धरलं की सपाट तळव्याचा कुठलाही बूट घसरतो. कोल्हापुरी पायताण कोरड्या बांधावर उत्तम, ओल्या कातळावर नाही.

कपाटात तीन-चार वर्षं पडलेले बूट घालून निघण्यात मोठा धोका आहे. वरून नवे दिसतात, पण तळव्यातला फोम दमटपणानं आतून कुजलेला असतो आणि पहिल्याच चिखलात तळवा जिभेसारखा लोंबतो. आठवडाभर आधी ते घालून दोन-तीन तास चाला, तळवा हातानं वाकवून चिरा बघा. पाच मीटर सुतळी पिशवीत ठेवा. निघालेला तळवा टाच, मधला भाग आणि पुढचा भाग असा तीन ठिकाणी आवळून बांधला की गाव गाठता येतं. उतारावर नखं दुखतात, म्हणून दोन दिवस आधी ती कापा.

जळवांचं काय करायचं?

जून ते सप्टेंबर त्या असणारच. त्यांच्यामुळं कुठला रोग होत नाही, भीती बाळगायचं कारण नाही.

पॅन्टचे पाय मोज्यात खोचा. जाड मोजे आदल्या रात्री तंबाखूच्या पाण्यात भिजवून वाळवले तर जळवा वर चढत नाहीत. दुसरा उपाय काठीचा: मूठभर मीठ सुती फडक्यात घालून पुरचुंडी काठीच्या टोकाला बांधा, ओली करा, आणि जळू दिसली की टेकवा. ती लगेच आकसून गळून पडते. बुटावरच्या जळवांसाठी हे सगळ्यात सोपं, वाकावं लागत नाही.

कातडीला चिकटलेली असेल तर ओढू नका, जाळू नका, मीठही तिथं नको. बिथरलेली जळू पोटातलं जखमेत ओकते आणि मग ती जागा पिकते. तिचं निमुळतं टोक म्हणजे तोंड. नख कातडीला टेकवून त्या टोकाखाली आडवं सरकवा, मग जाड टोक सोडवा आणि टिचकीनं उडवा. रक्त गोठू न देणारं द्रव्य तिच्या लाळेत असतं, त्यामुळं अर्धा-एक तास रक्त वाहतं. साबणानं धुवा, कापूस दाबून पट्टी बांधा.

गवा समोर आला तर?

थांबा आणि त्याला जाऊ द्या. मोठा नर आठशे-हजार किलोचा असतो. एरवी तो माणूस टाळतो. बिथरतो तो तीन वेळा: अचानक अगदी जवळ गाठ पडली, त्याची निसटायची वाट तुम्ही अडवली, किंवा गाय आणि वासरू यांच्यामध्ये तुम्ही आलात. वळणावर, कारवीच्या गर्दीत बोलत चाला, म्हणजे त्याला आधी कळतं. मान खाली घालून फुरफुरला, जमीन उकरू लागला, तर तोंड त्याच्याकडं ठेवून हळूहळू मागं सरका आणि जाड खोडाआड व्हा. दगड मारू नका. फोटोसाठी एक पाऊलही पुढं नको.

अस्वलाचंही हेच. चंदगड-आजऱ्याकडं कर्नाटकातून आलेले हत्ती असतात. गावात आधी विचारा, आणि हत्ती जवळपास आहे असं कळलं तर त्या दिवशी रानात जाऊच नका.

साप चावला तर?

चावलेला हात किंवा पाय हलवू नका, दोन काठ्या आणि ओढणीनं फळीसारखा बांधा. अंगठ्या, कडी, बूट काढा, कारण सूज येते. कापणं, चोखणं, दोरीनं आवळणं यातलं काहीही करू नका. सापाला मारण्यात वेळ घालवू नका. माणसाला उचलून न्या, चालवू नका. 108 ला फोन करा आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय किंवा कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठा.

आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. झुडपात फांदीवर बसणारा चापडा त्यात येत नाही. त्याच्या दंशानं जीव जाणं दुर्मिळ, पण सूज आणि वेदना भयंकर असतात, म्हणून दवाखाना चुकवायचा नाही. पावसाळ्यात फांदी धरण्याआधी तिच्याकडं बघा, हा एवढा नियम पाळला तरी चापडा टळतो.

आणि आग्या मोहोळ?

सापापेक्षा याची काळजी जास्त घ्या. कड्याच्या कपारीत आणि उंच झाडांवर ही पोळी असतात. खाली चूल पेटवणं, विडी ओढणं, आरडाओरडा, अत्तर-सेंट यांनी माशा उठतात. उठल्या तर जागेवर बसू नका, हातवारे करू नका. तोंड-डोळे कापडानं झाकून दाट झाडीतून लांब पळा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत राहतात. दूर गेल्यावर काटे पटापट काढा. ओठ सुजले, दम लागला, अंगभर गांध्या उठल्या, तर एकाच डंखानंतरही तातडीनं दवाखाना.

पाणी किती न्यायचं?

हिवाळ्यात दिवसाला दोन ते तीन लिटर, मार्चनंतर चार. सड्यावरची तळी गुरांची असतात. ते पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. घामानं गेलेलं मीठही भरून काढा: एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. नुसतं पाणी ढोसून पायात गोळे येत राहिले तर कारण बहुधा तेच.

खायला काय?

ज्वारीची भाकरी, ठेचा, शेंगदाणे, गूळ. भाकरी पूर्ण गार करून कापडात बांधा. गरम गरम डब्यात भरली की वाफेनं दुपारपर्यंत चिकट होते. दही-ताकाचं काही उन्हाळ्यात नेऊ नका.

ओढा फुगलेला असेल तर?

गुडघ्याच्या वर पाणी आणि जोर असेल तर ओलांडू नका. पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा वाहून येऊ लागला, म्हणजे वर मोठा पाऊस झाला आणि लोंढा येतोय. काठ सोडून वर चढा. इथले ओढे लहान पाणलोटाचे आहेत, पाऊस थांबला की एक-दोन तासांत उतरतात. तेवढं थांबणं परवडतं. ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, तोंड प्रवाहाकडं ठेवा, काठी पुढं रोवून आडवं सरका. बूट काढू नका.

दाजीपूरला परवानगी लागते का?

हो. राधानगरी अभयारण्यात प्रवेश नाक्यावर नोंद करून, शुल्क भरून, ठरलेल्या वाटांनीच जायचं. 1958 साली गव्यांसाठी राखलेलं हे रान 351 चौरस किलोमीटरचं आहे आणि 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पावसाळ्यात ते बंद असतं. आत मुक्काम, चूल, स्पीकर, काही नाही. विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड इथंही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. निघण्याआधी त्या भागातल्या वनरक्षकाला विचारा. वणवा दिसला तर वन विभागाचा 1926 हा क्रमांक आहे.

धनगरवाड्यावर मुक्काम करता येईल का?

विचारून, हो. अंधार पडायच्या आत पोचा, कुत्री बांधेपर्यंत लांब थांबा, वडीलधाऱ्यांशी आधी बोला. तांदूळ, डाळ, चहा-साखर आपली न्या आणि जास्तच न्या. पैसे घेत नसतील तर शिधा तिथंच ठेवून या. पाणी बायकांनी लांबून डोक्यावर आणलेलं असतं, त्यावर हातपाय धुऊ नका.

एकट्यानं जावं का?

झाडीत नको. चार जण सर्वांत बरे. एकाचा पाय मुरगळला तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघं मदत आणायला जातात.

मोबाइलला रेंज असते का?

सड्यावर आणि खिंडीत मिळते, घळीत नाही. नकाशा घरीच उतरवून ठेवा, फोन विमान मोडवर ठेवा. घरी लेखी सांगून जा: कोणतं गाव, कोणती वाट, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं. 112 वर बोलताना जवळच्या वाडीचं नाव आणि तालुका आधी सांगा, कारण एकाच नावाच्या वाड्या तीन-तीन तालुक्यांत आहेत.

घरी आल्यावर काही करायचं असतं का?

गोचीड शोधा. अंघोळीआधी काखा, जांघा, गुडघ्यामागं, कानामागं आणि केसांत. खसखशीएवढं पिल्लू असतं, तीळ समजून सुटतं. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा, पिळू नका. कपडे गरम पाण्यात धुवा. पलीकडं सिंधुदुर्गात 2016 पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडीतून येतो. स्क्रब टायफस गवतातल्या बारीक किड्यांच्या पिल्लांमुळं होतो आणि चावल्या जागी बऱ्याचदा विडीनं डागल्यासारखी काळी खपली दिसते. फिरून आल्यावर तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता "मी रानात गेलो होतो" हे आधी सांगा, आणि खपली असेल तर दाखवा.